अडगळीतला सूक्ष्मदर्शक

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात मलेरियाचा जंतू दिसला. त्यासाठी हुसेन खान या रुग्णाने डासांना स्वतःचे रक्त पिऊ दिले होते. दर डासामागे त्याला एक आणा मिळाला. रॉस यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजलेले होते आणि उरलेल्या एकुलत्या एका आयपीसला तडा गेला होता.

आपल्याकडे असे जुने यंत्र घर आवरताना किलोच्या भावाने भंगारात जाते. पारशिवनीत आमच्याकडे एका निवृत्त शिक्षकांकडून असाच एक पितळी सूक्ष्मदर्शक आला. नववीतल्या मुलांनी पेशी फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिलेली. म्हणून घरातल्या सगळ्यांनी मिळून आम्ही तो दुरुस्तीला घेतला. त्याची रीत वाचकांसाठी देत आहोत.

आधी डाग कुठे आहे ते ओळखा. डोळा लावून आयपीस गोल फिरवा. डाग सोबत फिरला तर तो आयपीसवर आहे. काचपट्टी सरकवल्यावर सरकला तर पट्टीवर. दोन्हींनी हलला नाही तर खालची लेन्स तपासा. आयपीस काढून उलटा धरला की तोच भिंगाचे काम करतो आणि खालच्या लेन्सवरची धूळ स्पष्ट दिसते.

लेन्सवर तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. रबरी फुग्याने धूळ उडवा, मऊ ब्रशने झाडा, मगच डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेल्या लेन्स पेपरने अलगद पुसा. ओढणीचे टोक किंवा सदऱ्याची बाही अजिबात नको, काचेवर ओरखडे पडतात. लेन्स स्पिरिटमध्ये बुडवू नका. जुन्या लेन्सचे तुकडे बहुधा कॅनडा बाल्समने चिकटवलेले असतात आणि स्पिरिटने ते सुटू शकतात. खालची लेन्स खोलूच नका. तिच्या आतल्या भिंगांची मांडणी घरी पुन्हा जुळत नाही.

चाके जड फिरत असतील तर जुने ग्रीस सुकलेले असते. जोर लावू नका, दाते तुटतात. लेन्स काढून बाजूला ठेवा. हवेशीर जागी, गॅस-शेगडीपासून लांब बसून रॉकेलात भिजवलेल्या कापसाने दाते पुसा. कोरडे झाल्यावर नवे ग्रीस अगदी थोडे लावा. खोबरेल तेल लावाल तर ते कालांतराने चिकट होईल. पितळ चमकवण्यासाठी चिंच किंवा भांडी घासायची पावडरही नको. वरचे लाखेचे पातळ आवरण निघून जाते.

शेवटी आरसा. बसऱ्याचे इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये दाखवून दिले की वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो, तेव्हाच ती दिसते. लेन्स कितीही स्वच्छ असली तरी आरसा मळका असेल तर अंधारच दिसणार. आरसा खिडकीतल्या आभाळाकडे वळवा. सूर्याकडे कधीही नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो.

पावसाळ्यात लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. म्हणून यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. मात्र डबा मुलांच्या हाताला येईल असा असू द्या.

आमच्याकडे पहिल्यांदा कांद्याचा पापुद्रा पाहिला. विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसल्यावर मुले एकमेकांना ढकलून पुढे येऊ लागली. मग कुणीतरी कूलरच्या टाकीतले पाणी आणले. सर्वांत कमी शक्तीच्या लेन्सखाली डासाची अळी वळवळताना दिसली. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो, हे आम्ही वर्गात कितीदा सांगितले असेल! आता आठवड्याचा कोरडा दिवस आला की कूलर रिकामा करून टाकी घासायला मुले आमच्याआधी उठतात.