गार बादलीचे कव्हर

ताक, कोकम सरबत, लिंबू सरबत किंवा पन्हे विकणाऱ्याचा उन्हाळ्यातला धंदा झाकणाच्या एका स्टीलच्या बादलीवर चालतो, आणि ती बादली संध्याकाळपर्यंत गार राहते की नाही हे तिच्याभोवतीच्या कव्हरवर ठरते. नवी मुंबईत अशा बादल्या वाशी, सानपाडा, नेरूळच्या स्थानकांबाहेर, एमआयडीसीच्या रस्त्यांवर आणि तुर्भ्याच्या बाजार समितीच्या आवारात दिसतात. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्यांची चढउतार जोरात असते तेव्हा माथाडी कामगारांना दुपारी गार ताकाचा ग्लास लागतोच. कव्हर स्वतः काहीही गार करत नाही. बाहेरची उष्णता आत शिरण्याचा वेग ते कमी करते. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ बर्फ वाया जातो.

वीस लिटरच्या बादलीचा बाहेरचा पृष्ठभाग झाकण आणि बूड धरून साधारण 0.4 चौरस मीटर भरतो. बाहेर 33 अंश सेल्सिअस आणि आत 5 अंश असताना या पृष्ठभागातून तीन मार्गांनी उष्णता येते. अंगावरून वाहणारी हवा ती देते, आसपासच्या तापलेल्या भिंती, फरशी आणि डांबर ती देतात, आणि तिसरा वाटा येतो हवेतल्या बाष्पाकडून. गार स्टीलवर घाम फुटतो तो याच बाष्पाचा. त्याचे एक ग्रॅम पाणी जमताना जी उष्णता सोडते ती आतला सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळवायला पुरते. हे सगळे एकत्र धरले तर सावलीतल्या उघड्या बादलीत तासाला दीड ते दोन किलो बर्फ केवळ बाहेरच्या उष्णतेने संपतो. त्यात बाष्पाचा वाटा एक तृतीयांशाच्या पुढे जातो. याच बादलीला सर्व बाजूंनी अडीच सेंटिमीटर जाडीचे कोरडे थर्माकोल बसवले तर तोच खर्च तासाला दोनशे ग्रॅमच्या आसपास येतो. झाकण उघडण्यामुळे होणारे नुकसान यात धरलेले नाही.

कोरडे हा शब्द येथे महत्त्वाचा. बादलीला ओले गोणपाट गुंडाळून त्यावर अधूनमधून पाणी मारण्याची पद्धत सर्वत्र आढळते. ती माठाकडून आलेली आहे, आणि माठाच्या बाबतीत ती अगदी बरोबर आहे. पाणी सुकताना उष्णता ओढून घेते आणि माठ गार होतो. पण सुकण्यालाही मर्यादा असते. हवा जितकी कोरडी, तितके ओले फडके अधिक गार होते. चंद्रपूर-अकोल्याकडे मेच्या दुपारी पारा 44 अंशांवर आणि आर्द्रता पंधरा टक्क्यांवर असेल, तर ओले फडके 23 अंशांपर्यंत उतरू शकते. नवी मुंबईच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि पूर्वेला पारसिकचा डोंगर. येथे मेमध्ये 33 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता असली की तेच फडके 27-28 अंशांवर अडकते. पाच अंशांच्या बादलीला 27 अंशांच्या फडक्याचा काय उपयोग?

उपयोग तर नाहीच, उलट तोटा आहे. अशा हवेत 25 अंशांच्या खाली असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर बाष्प जमू लागते. बर्फाच्या बादलीला चिकटलेले ओले गोणपाट काही वेळातच या 25 अंशांच्या खाली जाते, म्हणजे त्यातले पाणी सुकायचे थांबते आणि हवेतले पाणी त्यात भर घालू लागते. शिवाय गोणपाटाचा खरा गुण त्याच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत असतो. ती हवा निघून तिच्या जागी पाणी शिरले की काम बिघडते, कारण स्थिर हवेच्या मानाने पाणी उष्णता वीस पटींहून अधिक सहज पुढे नेते. विदर्भात माठाची सेवा करणारे ओले फडके खाडीकाठी बर्फाचा शत्रू होते. बर्फाच्या बादलीवर पाणी मारू नये, हा नवी मुंबईतल्या विक्रेत्यासाठी पहिला नियम मानायला हवा.

स्थिर, कोरडी हवा अडकवून बर्फ टिकवण्याची युक्ती जुनी आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 1833 मध्ये तस्कनी नावाच्या जहाजातून 180 टन नैसर्गिक बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा समुद्रप्रवास आणि विषुववृत्त ओलांडून तो पोहोचला तेव्हा सुमारे शंभर टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी अमेरिकी बर्फ मुंबईतही उतरला. तस्कनीतल्या बर्फाभोवतीचे मुख्य आवरण चामडे कमावून उरलेल्या, वाळवलेल्या झाडाच्या सालीचे होते. आजही बर्फवाल्याच्या टेम्पोत लाद्यांवर भुसा आणि गोणपाट दिसते ते त्याच कारणाने. मात्र लादी मोठी असते, वितळलेले पाणी वाहून गेले तरी चालते. बादलीला इतकी सवलत नसते.

बादलीचे चांगले शिवलेले कव्हर हातात घेऊन पाहिले तर त्यात तीन थर सापडतात. बाहेर रेक्झिन किंवा ताडपत्री, मधे फोम, आत चंदेरी फॉइल. मधल्या थराची निवड सर्वांत मोलाची. गादीच्या स्पंजमध्ये छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे तो पाणी पितो आणि दोन-चार दिवसांत कुबट वास मारू लागतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारा पांढरा, लवचीक ईपीई फोम वेगळा. त्यातला प्रत्येक बुडबुडा बंद असतो, म्हणून पाणी आत शिरत नाही. अर्ध्या इंचाचे दोन थर सांधे एकावर एक न येतील असे बसवले तर कव्हर उत्तम होते. आतल्या चकचकीत फॉइलचे कौतुक जरा जास्तच होते. ते स्टीलला चिकटून बसले की त्याच्या परावर्तनाचा उपयोग उरत नाही; पुसायला सोपे, एवढाच गुण राहतो. चकाकी किंवा पांढरा रंग हवा तो बाहेरच्या बाजूला, जिथे ऊन पडते. काळे रेक्झिन उन्हात हात लावू देत नाही.

बाष्प बाहेरून आत येते, म्हणून ते अडवणारा थरही बाहेरच हवा. येथे शिलाई घात करते. सुईच्या प्रत्येक छिद्रातून दमट हवा आत जाते आणि गार स्टीलजवळ पाणी होऊन बसते. जुन्या कव्हरची उभी शिवण चिमटीत दाबली की बोटांना पाणी लागते, आणि त्या रेषेत काळी बुरशीही दिसते. शिवणीवर बाहेरून रुंद चिकटपट्टी दाबून बसवली की हे बरेच टळते. कव्हरचे बूड तर बहुतेक जण विसरतातच. दुपारचे डांबर हवेपेक्षा कितीतरी तापलेले असते, आणि बादली त्यावर सरळ टेकलेली असते. खाली लाकडी पाट किंवा फोमचा जाड तुकडा पाहिजे.

कव्हर कितीही चांगले असले तरी कोमट ताक गार करण्याचा खर्च ते वाचवू शकत नाही, आणि दिवसातला सर्वांत मोठा खर्च तोच असतो. पंधरा लिटर ताक 30 अंशांवरून 5 अंशांवर आणायला जवळजवळ साडेचार किलो बर्फ वितळावा लागतो. तो ताकातच टाकला तर ताक पाणचट होणार हे उघड आहे. म्हणून जाणते विक्रेते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेले ताक सकाळी बादलीत भरतात आणि त्यात गोठवलेल्या पाण्याच्या घट्ट बंद बाटल्या सोडतात. बाटली वर तरंगते, तिच्याजवळचे ताक गार होऊन खाली जाते, खालचे वर येते आणि बादली आपोआप ढवळली जाते. चव तशीच राहते.

बर्फ सरळ पेयात घालायचा असेल तर तो खाण्याचाच हवा. मासळी, भाजी आणि इतर मालासाठीचा बर्फ वेगळा ओळखता यावा म्हणून 2018 पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळा रंग देणे बंधनकारक आहे. निळी लादी बादलीच्या बाहेरही शक्यतो टेकवू नये. ओगराळे, हात आणि झाकण यांमार्फत तिचे पाणी आत पोहोचायला वेळ लागत नाही. लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे, येथे काटकसर करू नये.

पाण्याच्या किंवा सोड्याच्या बंद बाटल्या गार ठेवायच्या बादलीचे गणित थोडे वेगळे. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांत बाटली उभी केली तर तिला बर्फ काही ठिकाणीच टेकतो, बाकी सगळी हवा. त्यात बाटलीच्या गळ्याखालपर्यंत पाणी ओतले की बाटली सर्वांगाने गार होते, आणि फार लवकर. मूठभर मीठ घातले तर पाणी शून्याच्याही खाली उतरते. कुल्फीवाल्याच्या मडक्यातला मीठ-बर्फ याच तत्त्वावर चालतो. बाटल्यांसाठी इतकी थंडी अनावश्यक आहे, आणि खारट पाणी स्टीलला खाते.

विक्री सुरू झाली की झाकणाकडे लक्ष द्यावे लागते. गार हवा जड असल्याने उघड्या बादलीतला गारवा लगेच निघून जात नाही, पण प्रत्येक वेळी ओगराळे आत जाताना वरची दमट हवा ढवळून आत जाते. बादलीला खाली तोटी असेल तर झाकण उघडावेच लागत नाही, आणि हात आत जात नसल्याने स्वच्छताही राहते. तोटी नसल्यास कव्हरच्या वरच्या भागाला ओगराळ्यापुरती फोमची झडप ठेवावी. बादली अर्ध्यावर आली की उरलेले पेय लहान भांड्यात काढणे फायद्याचे असते, कारण मोठ्या बादलीचा पृष्ठभाग तेवढाच राहतो आणि गार राहायला आत माल कमी असतो.

रात्री कव्हर उतरवून उलटे करावे, साबणाच्या पाण्याने पुसावे आणि पंख्याखाली टांगावे. दमट हवेत ते नुसते टांगून वाळत नाही, वारा लागतो. सकाळी शिवणीत ओल जाणवली तर त्या दिवशी दुसरे कव्हर वापरावे. म्हणून कव्हरे दोन असणे चांगले. पावसाळ्यात गारव्याची विक्री थांबली की कव्हर बादलीवरच चढवून ठेवण्याची सवय असते, आणि चार महिन्यांत फोमला बुरशी लागते ती तिथेच. ते पूर्ण वाळवून, थर सुटे करून, घडी न घालता सपाट ठेवावे. घडीवर फोम एकदा दबला की त्या रेषेत त्याची जाडी परत येत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात बादलीला घाम प्रथम तिथेच फुटतो.