तळघरातील विजेची भट्टी

अमेरिकेतील दारूबंदी १९३३ साली उठली, तेव्हा घरी वाइन करण्याची मुभा नागरिकांना मिळाली, परंतु घरच्या बिअरचा समावेश त्या सवलतीत झाला नाही आणि ही उणीव भरून निघायला १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन वा अधिक प्रौढांच्या कुटुंबाला २०० गॅलन बिअर विक्री न करता, स्वतःपुरती, करमुक्त बनवता येऊ लागली; राज्यांचे कायदे निराळे असल्याने अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांना मात्र २०१३ पर्यंत थांबावे लागले. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे, तेव्हा पुढील विवेचन अमेरिकेपुरतेच समजावे.)

घरगुती बिअर अंगणातील प्रोपेनच्या बर्नरवर सहज होते, पण तीच ज्योत बंद तळघरात पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साचून जिवावर बेतू शकते, आणि जेथे हिवाळ्यात अंगणभर बर्फ असते तेथे विजेकडे वळण्यास एवढे कारणही पुरेसे होते. विजेचा खरा लाभ मात्र वेगळाच आहे, आणि तो समजण्यासाठी बिअरच्या पहिल्या टप्प्याकडे पाहावे लागते. बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट तयार होते. भरडलेले माल्ट कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात तासभर भिजत ठेवले की त्यातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, पिठूळ स्टार्चची साखर करतात. यांपैकी बीटा-अमायलेज साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला जोमाने काम करते आणि यीस्टला सहज पचणारी साखर देते, तर अल्फा-अमायलेजला ७० अंशांच्या आसपासचे तापमान मानवते आणि त्याच्या कामातून न आंबणारे, बिअरला अंग देणारे घटक अधिक उरतात. साहजिकच ६४ आणि ६९ अंश या दोन तापमानांतून दोन वेगळ्या बिअर निघतात, आणि गॅसची कळ फिरवून हा फरक तासभर सांभाळणे जिकिरीचे असते.

विजेच्या भट्टीचे हृदय म्हणजे पाणी तापवण्याच्या टाकीत असतो तसाच एलिमेंट. अमेरिकेतील नेहमीच्या १२० व्होल्टच्या प्लगमधून जेमतेम १८०० वॉट मिळतात, आणि तेवढ्यावर ३० लिटर पाणी २० अंशांवरून ७० अंशांवर न्यायला जवळजवळ एक तास जातो. म्हणून कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी असते तशी २४० व्होल्टची स्वतंत्र लाइन घेऊन ५५०० वॉटचा एलिमेंट बसवण्याची पद्धत रूढ झाली, ज्याने हेच काम सुमारे १९ मिनिटांत होते. हा एलिमेंट जवळपास २३ अँपिअर खेचतो, त्यामुळे ब्रेकर ३० अँपिअरचा आणि वायर त्याला साजेशी जाड लागते. एलिमेंट निवडताना त्याच्या वॉटइतकेच लक्ष त्याच्या लांबीकडे द्यावे लागते, कारण उष्णता अधिक पृष्ठभागावर पसरली नाही तर वर्ट, म्हणजे माल्टचा गोड अर्क, त्यावर लागतो आणि तो करपट वास शेवटपर्यंत जात नाही.

तापमान राखण्याचे काम पीआयडी नावाचा नियंत्रक करतो. तापमान आत्ता किती कमी आहे, आतापर्यंत किती तूट साचली आणि ते कोणत्या वेगाने बदलते आहे, या तिन्ही गोष्टींचा हिशेब करून तो एलिमेंट क्षणोक्षणी चालू-बंद करतो, आणि इतक्या वेळा यांत्रिक स्विच टिकणार नाही म्हणून हलणारे भाग नसलेला सॉलिड स्टेट रिले वापरला जातो. माल्टच्या दाट थरात उष्णता आपसूक पसरत नसल्याने पंपाने वर्ट सतत फिरवावा लागतो: रिम्स पद्धतीत तो एलिमेंट बसवलेल्या नळीतून जातो, हर्म्स पद्धतीत गरम पाण्याच्या टाकीतील धातूच्या वेटोळ्यातून. हर्म्सला एक भांडे जास्त लागते, पण वर्ट एलिमेंटला शिवतच नसल्याने या टप्प्यात करपण्याची धास्ती उरत नाही.

गंमत अशी की पुढच्या टप्प्यात हाच हुशार नियंत्रक निरुपयोगी ठरतो. हॉप्स नावाच्या फुलांचा कडूपणा उतरावा आणि माल्टमधील नकोसा गंध वाफेबरोबर निघून जावा म्हणून वर्ट तासभर खळखळ उकळतात, आणि उकळी एकदा आली की एलिमेंटला कितीही वीज दिली तरी तापमान वाढत नाही, फक्त वाफ वाढते. समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये तर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. तेथे नियंत्रकाला १०० अंशांचे लक्ष्य दिले, तर ते कधीच गाठता न आल्याने तो एलिमेंट पूर्ण शक्तीने चालूच ठेवील आणि वर्ट उतू जाईल. म्हणून या टप्प्यात तापमान सोडून शक्तीची टक्केवारी हाताने ठरवतात. तासाला चार लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे अडीच किलोवॉट लागतात. ५५०० वॉटच्या एलिमेंटला उष्णतेची गळती धरून निम्म्याहून थोडी अधिक शक्ती पुरते. तेवढे चार लिटर पाणी तळघराच्या भिंतींवर जमू नये म्हणून भांड्यावर धुराडे आणि पंखा हवाच.

दिवे, बटणे आणि मापके यांनी गजबजलेले नियंत्रण-फलक दिसायला देखणे असतात, परंतु त्यांवरचा खर्च पुष्कळदा हौसेचाच असतो, आणि पैसे मोजावेत ते सुरक्षेच्या दोन साध्या वस्तूंवर. पहिली म्हणजे गळती-ब्रेकर: तो ५ मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडतो (भारतातील घरगुती ईएलसीबी साधारणतः ३० मिलिअँपिअरला पडतो), मात्र त्यासोबत स्टीलच्या प्रत्येक भांड्याला पक्के अर्थिंग हवेच. दुसरी म्हणजे काँटॅक्टर, विजेवर चालणारा दणकट यांत्रिक स्विच. सॉलिड स्टेट रिले बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. नियंत्रक बंद म्हणत असताना एलिमेंट तापतच राहतो, आणि भांडे रिकामे झालेले असेल तर तो काही क्षणांत जळून जातो. काँटॅक्टर पाडला की रिलेच्या आधीच पुरवठा तुटतो, म्हणून त्याचे बटण पंपाशेजारी, ओल्या हातालाही सापडेल अशा ठिकाणी, जलरोधक आवरणात बसवतात.