अप-डाऊन की भाड्याची खोली? चार एकर आणि चार तासांचा हिशोब

"वन्सं, तुम्ही ह्याच्यावरच शिकताय न्हवं? मग सांगा की, अप-डाऊन करू का विट्यात खोली बघू?"

दिवाळीत वस्तीवर गेले होते तेव्हा वहिनीनं भाकरी थापता थापता हा प्रश्न टाकला. लोक राहतात कुठं, कामाला जातात कुठं आणि या दोन्हीचा मेळ कसा घालतात, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. म्हणजे प्रश्न अगदी माझ्या अभ्यासक्रमातलाच होता, आणि मला उत्तर येत नव्हतं. "बघून सांगते," म्हणाले. ते बघणं म्हणजे हा लेख.

आधी परिस्थिती सांगते. दादाची (माझा चुलत भाऊ) वस्ती आटपाडी-करगणी रस्त्यापासून जरा आत आहे. चार एकर रान. दोन एकर डाळिंब, बाकीच्यात मका, ज्वारी, वैरण. दोन गाई, पाच-सहा शेळ्या. घरात काकी आणि तिसरीतली पोरगी. वहिनीनं लग्नानंतर लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा पुरा केला आणि तिला विट्यात एका लॅबमध्ये नोकरी लागली, पगार चौदा हजार. विटा वस्तीपासून चाळीस किलोमीटरच्या आसपास. फाट्यापर्यंत दादाची गाडी, मग एसटीची वाट, मग भिवघाट मार्गे सव्वा तास, मग स्टँडवरून चालत. सगळं धरून एका बाजूनं दोन तास. जाऊन-येऊन चार.

दुसरा पर्याय म्हणजे विट्यात दोन खोल्या. साधारण साडेचारशे चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे ते आख्खं घर अर्ध्या गुंठ्यातही बसतं. वस्तीवर आमच्या शेळ्यांचं दावणही त्याहून मोठं आहे, हे काकीनं लगेच ऐकवलं.

आता पुस्तकात काय आहे ते बघू. जागा आणि अंतर यांचा सौदा असतो, ही कल्पना जुनी आहे. योहान फॉन थ्यूनेन नावाच्या जर्मन जमीनदारानं १८२६ मध्ये एक पुस्तक काढलं. बाजारपेठेपासून जसजसं लांब जाल तसतसा जमिनीचा खंड कमी होतो आणि त्याप्रमाणे पिकंही बदलतात, असा त्याचा सिद्धांत. १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो यानं हाच विचार शहरांना लावला. नोकऱ्या मध्यभागी. मध्यभागाजवळ जागा महाग, लांब जागा स्वस्त. लांब राहणारा माणूस प्रवासाचा त्रास घेतो आणि बदल्यात त्याला जास्त जागा मिळते. प्रत्येक कुटुंब आपापल्या आवडीप्रमाणे ठरवतं, आणि शेवटी असा तोल साधला जातो की जागा बदलून कोणाचाच फायदा होत नाही. शहरी अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात हे असतं. मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आवडलं होतं. सगळं कसं जिथल्या तिथं.

या सिद्धांताचं एक टोक मात्र तपासता येतं. प्रवासाचा त्रास जर खरंच मोठ्या घरानं किंवा जादा पगारानं भरून निघत असेल, तर लांबून येणारे आणि जवळ राहणारे सारखेच समाधानी असायला हवेत. अलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे जर्मनीतल्या माहितीवर तपासलं. तिथं एक मोठं सर्वेक्षण त्याच त्याच कुटुंबांना वर्षानुवर्षं भेटत राहतं. २००८ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. निष्कर्ष असा की ज्यांचा प्रवास लांबचा, ते आयुष्याबद्दल कमी समाधानी. म्हणजे भरपाई पुरी होत नाही. याला ते प्रवासाचा विरोधाभास म्हणतात.

असं का होत असावं? एक स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. मोठ्या घराची सवय लवकर होते. नवी खोली बांधली की सहा महिन्यांत ती असतेच असं वाटायला लागतं. प्रवासाची मात्र तशी सवय होत नाही, कारण तो रोज वेगळा त्रास देतो. आज गाडी भरून आली, उद्या पाऊस, परवा निघतानाच उशीर. घर घेताना आपण अंगण बघतो, फाट्यावर उभं राहणं बघत नाही.

इथं थांबले असते तर वहिनीला सांगितलं असतं, खोली बघ. पण नंतरच्या काही अभ्यासांनी हे चित्र एवढं सरळ ठेवलेलं नाही. ब्रिटनमधल्या तशाच सर्वेक्षणावर काम करणाऱ्या एका गटाला २०१४ मध्ये प्रवासाचा वेळ आणि समाधान यांत तसा ठळक संबंध सापडला नाही. आणि त्याआधी, २०११ मध्ये, जेनिफर रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनचीच माहिती बाई आणि पुरुष अशी वेगळी करून बघितली. प्रवासाचा मानसिक ताण बायकांवर दिसला, पुरुषांवर दिसला नाही. घरकाम आणि मुलांची जबाबदारी बाईवर जास्त असते, म्हणून त्याच प्रवासाचा तिच्यावर जास्त भार पडतो, असं त्यांचं म्हणणं.

मला हा धागा महत्त्वाचा वाटतो. अलोन्सोच्या गणितात निर्णय घेणारं एक 'कुटुंब' आहे. त्या कुटुंबाला एकच डोकं, एकच पाकीट आणि एकच घड्याळ. प्रत्यक्षात जागा सगळ्यांना मिळते आणि प्रवास एकालाच करावा लागतो.

आपल्याकडे याची माहिती काय आहे? फार नाही. एस. चंद्रशेखर यांनी २००९-१० च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणावरून काढलेला अंदाज असा, की शेतीबाहेरचं काम करणारे सुमारे ८० लाख लोक रोज खेड्यातून शहरात जात होते, आणि सुमारे ४४ लाख उलटे, शहरातून खेड्यात. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचं अंतर आणि वाहन विचारलं गेलं, पण तेही शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले सोडून. गावठाणात राहून रोज चार-पाच किलोमीटरवरच्या रानात जाणारा माणूस त्या हिशोबात घरीच बसलेला आहे. आटपाडी तालुक्यात हा प्रवास किती मोठा असेल याचा विचार करा. कितीतरी माणसं गावठाण सोडून वस्तीवर राहायला जातात ती हाच प्रवास वाचवायला. मात्र मग पोरांची शाळा लांब पडते, दवाखाना लांब पडतो, शनिवारचा बाजारही लांब पडतो. प्रवास कमी झाला नाही, एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेला.

आता वहिनीच्या पैशांचा हिशोब. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. तेव्हा जाण्यायेण्याचे महिन्याला दोन हजार धरू. महिन्याचे २५ दिवस, रोज आठ तास काम म्हणजे २०० तास, प्रवासाचे १०० तास. चौदा हजारातून दोन हजार गेले, राहिले बारा. ३०० तासांनी भागले तर तासाला ४० रुपये.

विट्यात राहिली तर तास २०० च. पण खोलीचं भाडं आणि लाइट बिल पाच हजार, वर दूध, भाजी, ज्वारी, गॅस हे वस्तीवर जे घरचं किंवा निम्म्यात होतं त्याचे चार हजार. हातात राहतात पाच. तासाला २५ रुपये.

म्हणजे चार तास एसटीत घालवूनही अप-डाऊनच परवडतं! मी हे वहीत मांडून दादाला दाखवलं तेव्हा तो खूश झाला. वहिनी काही बोलली नाही. तिनं वही घेतली, बघितली, आणि विचारलं, "दुधाचे पैसं धरलं, मग धारंचा येळ कुठं धरला?"

खरंच कुठं धरला नव्हता.

मग आम्ही तिचा दिवस लिहून काढला. साडेचारला उठणं. झाडलोट, शेण काढणं, दोन गाईंच्या धारा, सहाला डेअरीचं कॅन भरून ठेवणं. स्वयंपाक, दोन डबे, पोरीची वेणी. सव्वासातला फाट्याकडं. संध्याकाळी साडेसातला परत, पुन्हा धारा (तोवर काकी गाईंना वैरण टाकून ठेवते, पण त्यांच्या हाताला आता धार निघत नाही), स्वयंपाक, भांडी. देशाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७. वहिनीचा आकडा नोकरी करूनही या २९९ च्या जवळ जात होता. हे चार तास ती आणते कुठून? झोपेतून.

जागा आणि अंतर यांच्या सौद्यात जागा ही उपभोगायची वस्तू धरलेली असते. मोठं अंगण, जादा खोली, झाडाखाली खुर्ची. शहराच्या कडेला बंगला घेणाऱ्याला ते लागूही पडत असेल. पण माणदेशात जमीन नुसती पडून सुख देत नाही. तिला रोज माणूस लागतं. जितकी जास्त जागा, तितकं जास्त झाडणं, पाणी भरणं, राखणं. म्हणजे आमच्याकडं मोठी जागा ही लांबच्या प्रवासाची भरपाई होतच नाही. दोन्ही एकाच माणसाच्या दिवसातून कापून घेतलं जातं.

हे नेहमीच असं नव्हतं, आणि मला वाटतं इथंच आटपाडीची खरी गोष्ट आहे. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर गेली, ती जमिनी तशाच ठेवून. जिरायती रानाला पावसाच्या चार महिन्यांत माणसं लागत. उरलेला काळ ते रान पडून असे, नाहीतर त्यात शेळ्या-मेंढ्या फिरत. मालक वर्षातून एक-दोनदा घरी आला तरी चालून जाई. अंतर हजार किलोमीटरचं असलं तरी जमीन वाट बघायची.

मग टेंभूचं पाणी आलं. कऱ्हाडजवळ कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून या दुष्काळी पट्ट्यात आणायचं, यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं झगडा केला. आटपाडीची पाणी परिषद नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ मध्ये सुरू केली. पाण्यानं काय दिलं ते सांगायची गरज नाही, आमच्या घरातलं माझं शिक्षणही त्यातलंच. पण ओलिताचं रान वाट बघत नाही. डाळिंबाला छाटणी, फवारणी, ठिबकच्या नळ्या बघणं, तेल्या आला का हे रोज पान उलटून बघणं. वैरण झाली म्हणून गाई आल्या, गाई आल्या म्हणून दोन वेळच्या धारा. जमिनीची किंमत वाढली तशी तिची वेळेची भूकही वाढली. आणि याच पंधरा-वीस वर्षांत घरातल्या सुना शिकल्या, त्यांना नोकऱ्या मिळायला लागल्या. दोन्ही चांगल्याच गोष्टी. पण दोन्ही एकाच वेळी सकाळी साडेचारला येऊन उभ्या राहिल्या.

म्हणून वहिनीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की 'प्रवास की जागा' हा प्रश्नच अर्धवट आहे. आधी गाईंचं बघा, मग खोलीचं. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर चार एकर तसेच ठेवून त्यांची वेळेची मागणी कमी करता येते का, किंवा ती दुसऱ्याच्या घड्याळावर टाकता येते का. डाळिंब दादाच्या घड्याळावर होतंच. गाई का नाहीत, याला घरात कोणाकडेच उत्तर नव्हतं. "धारा बायकाच काढत्यात," काकी म्हणाली. डेअरीवर कॅन घेऊन रांगेत सगळे गडीच असतात, हे मी बोलून दाखवलं तर विषय बदलला.

एक गोष्ट मात्र माझ्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या नोकरदारांना दोन संशोधकांनी विचारलं होतं की तुम्हाला कामावर जायला किती वेळ लागलेला आवडेल. २००१ मध्ये हा अभ्यास छापला. उत्तरांची सरासरी शून्य नव्हती, १६ मिनिटं होती. लोकांना घर आणि काम यांच्यामध्ये थोडा मोकळा पट्टा हवा असतो. हे मी वहिनीला सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणाली, सकाळी खिडकीची जागा मिळाली की करगणी सोडल्यावर ती डोळे मिटते, आणि दिवसभरात कोणी हाक न मारणारा तेवढाच वेळ असतो. सव्वा तास तिला नको आहे. पण तो वेळ नुसताच वाया जातो असं मी लिहिलं तर खोटं होईल, असं तिनं मला बजावलं.

संक्रांतीला गेले तेव्हा एक गाय विकली होती. उरलेलीची सकाळची धार दादा काढतो. पहिले दहा-बारा दिवस गाय त्याला उभी राहू देईना, दूध निम्म्यावर आलं होतं, आता बरं आहे म्हणतो. वहिनी सव्वापाचला उठते. विट्यातली खोली त्यांनी घेतलेली नाही, पण नकोही म्हटलेलं नाही. जूनमध्ये पोरगी चौथीत जाईल, तेव्हा शाळेचं काय करायचं यावर पुन्हा वही काढायची ठरली आहे. या वेळी रकाने वहिनी आखणार आहे.