खेळातील नाणे आणि त्याचा चोरटा व्यापार

या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीतील जुनी मंडळी म्हणाली, "भाऊ, आयुष्यभर बोनस आणि महागाई भत्त्यावर बोललात, आता पोरांच्या खेळावर बोलणार काय?" त्यांचे हसणे रास्त होते. आम्ही स्वतः हे खेळ खेळत नाही. आमची शाळा सातवीत सुटली, आणि पुढे जे काही वाचले ते रात्रशाळेत व सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु गेल्या वर्षी आमच्या चाळीतील एक मुलगा कचेरीत आला, आणि त्याची तक्रार ऐकल्यावर आम्हाला या विषयात शिरणे भाग पडले.

हा मुलगा दिवसा एका गोदामात कंत्राटी काम करी आणि रात्री चार-पाच तास एका परदेशी कंपनीचा ऑनलाइन खेळ खेळे. खेळे म्हणण्यापेक्षा खणे म्हणावे, कारण रोज रात्री तो त्या खेळातील खनिज खणून विकीत असे. जमलेली नाणी तो एका दलालाला देई, आणि दलाल त्याच्या मोबाईलवर रुपये पाठवी. एके सकाळी कंपनीने त्याचे खाते बंद केले. नोटीस नाही, चौकशी नाही. अडीच महिन्यांची नाणी गेली. दलालाकडे जे येणे होते तेही अडकले. "काका, युनियनला यात काही करता येईल का?" असे त्याने विचारले. त्या दिवशी आम्ही त्याला उत्तर देऊ शकलो नाही. ज्या धंद्याची माहिती नाही त्याचे मागणीपत्रक लिहू नये, हा आमचा जुना शिरस्ता आहे. म्हणून आधी धंदा समजून घेतला. तो जसा समजला तसा येथे मांडतो.

हे खेळ म्हणजे पत्ते किंवा कॅरम नव्हेत. त्यांत हजारो माणसे एकाच वेळी एका काल्पनिक मुलुखात वावरतात आणि तो मुलूख खेळाडू झोपला तरी चालूच राहतो. केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीने 2001 मध्ये सुरू केलेला रूनस्केप हा खेळ आम्ही नमुन्यादाखल घेतो. त्यात लाकूड तोडता येते, मासे धरता येतात, खनिज वितळवून हत्यारे घडविता येतात, आणि हा सर्व माल खेळाडू एकमेकांना विकतात. 2007 च्या नोव्हेंबरात तेथे एक मध्यवर्ती बाजारही उघडला गेला, जेथे विकणारा आणि घेणारा यांची गाठ न पडता सौदे होतात. चलन सोन्याच्या नाण्याचे. ते सोने अर्थातच पडद्यावरचे. पण ते मिळविण्यास लागणारे तास खरे असतात, आणि जेथे तास खर्च होतो तेथे कोणी ना कोणी त्याचा भाव काढतोच.

हा भाव पहिल्यांदा नीट काढला तो एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने. एव्हरक्वेस्ट नावाच्या खेळातील नाणी व वस्तू लोक लिलावात खऱ्या डॉलरांना विकत होते. त्या किमतींवरून त्याने 2001 मध्ये हिशेब मांडला की त्या खेळात घालविलेल्या एका तासाची कमाई 3.42 डॉलर पडते. विद्वानांना गंमत वाटली. गरीब देशांतील हिशेबी माणसांना त्यात धंदा दिसला.

आता मुख्य मुद्दा. या चोरट्या विक्रीने खेळाच्या बाजाराचे नेमके काय बिघडते? सर्वसाधारण समजूत अशी की नाणी विकली म्हणून महागाई होते. आमच्या मते ही समजूत अर्धीच खरी आहे. चाळीच्या टाकीचा दाखला घ्या. टाकीत नळाने पाणी येते, मोरीने जाते. खेळातही तसेच. रूनस्केपमध्ये हाय ॲल्केमी नावाचा एक मंत्र आहे. तो साधलेला खेळाडू एखादी घडविलेली वस्तू नाहीशी करतो आणि तिच्या ठरीव मोलाच्या शेकडा 60 इतकी नाणी त्याच्या थैलीत पडतात. ही नाणी दुसऱ्या कोणाच्या खिशातून येत नाहीत. ती नवीच पैदा होतात. ही झाली टांकसाळ, म्हणजे नळ. उलट, कंपनीच्या दुकानदाराकडून माल घेतला, मोडलेले चिलखत दुरुस्त केले किंवा घर बांधले की नाणी कायमची नाहीशी होतात, ती मोरी. आता मुंबईच्या खेळाडूने लंडनच्या खेळाडूला दहा लाख नाणी विकली, तर टाकीत थेंबाचीही भर पडत नाही. नाणी हात बदलतात एवढेच. पाणी वाढते ते त्या आधी, विक्रीसाठी म्हणून नळ रात्रंदिवस उघडा ठेवला जातो तेव्हा.

साधा खेळाडू कंटाळला की थांबतो. विकणारा थांबत नाही. आणि त्याच्या जोडीला माणसाच्या जागी खेळणारी यंत्रे, ज्यांना बॉट म्हणतात, ती तर जेवायलाही उठत नाहीत. यातून दोन निरनिराळे परिणाम होतात, आणि त्यांची गल्लत करू नये. ही मंडळी जेव्हा थेट नाणी पैदा करतात तेव्हा चलन फुगते व दुर्मिळ वस्तूंचे भाव चढतात. परंतु ती जेव्हा लाकूड, खनिज, कातडी असा कच्चा माल काढतात तेव्हा त्या मालाचा बाजारात पूर येऊन त्याचा भाव पडतो. नव्याने आलेला, हाताशी काही नसलेला खेळाडू पोट भरतो ते लाकडे तोडून. त्याच्या लाकडाला भाव नाही; आणि ज्या चांगल्या तलवारीसाठी तो लाकडे तोडतो ती तलवार, डॉलर मोजून नाणी घेतलेल्या श्रीमंत गिऱ्हाइकांच्या चढाओढीने, त्याच्यापासून रोज दूर पळते. मजुरी खाली आणि किंमत वर, अशा कात्रीत तो सापडतो. ही कात्री आम्हाला नवी नाही. महागाई भत्त्याचा प्रश्न मांडताना आम्ही द्वारसभांत हेच बोलत आलो.

अशा खेळाडूपुढे मग दोनच वाटा राहतात. खेळ सोडणे, नाहीतर स्वतःही दलालाकडून नाणी घेणे. दुसरी वाट जितके जास्त लोक धरतात तितकी दलालाची भरभराट. काळ्या बाजाराचा हा जुनाच स्वभाव आहे. रेशनच्या साखरेच्या वेळी तो आमच्या वडिलांनी पाहिला होता.

2007 मध्ये फ्लोरिडातील एका खेळाडूने याच कारणासाठी नाण्यांच्या एका मोठ्या व्यापारी कंपनीवर सर्व खेळाडूंच्या वतीने दावा लावला होता. आपण प्रामाणिकपणे घालविलेल्या तासांचे मोल या विक्रीने घटले, असे त्याचे म्हणणे. पुढच्या वर्षी तडजोड झाली. न्यायालयाचा निवाडा मिळाला असता तर तो वाचण्याजोगा झाला असता.

आता नाणी काढणाऱ्यांकडे वळू. येथे आमचा हात थोडा जड पडेल, कारण ही आमची माणसे आहेत. जुलियन डिबेल या पत्रकाराने 2007 मध्ये चीनमधील नानजिंग येथील एका कारखान्याचे वर्णन लिहिले. कारखाना म्हणजे एक खोली, तीत संगणकांची रांग, आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात राक्षस मारणारे तरुण. बारा तासांची रात्रपाळी, आठवड्याच्या सातही रात्री, महिन्यातून दोन-तीन रात्री सुटी. मजुरी नगावर. शंभर नाण्यांमागे कामगाराला मिळत 10 युआन, म्हणजे सुमारे सव्वा डॉलर. मालक तीच शंभर नाणी ऑनलाइन व्यापाऱ्याला तीन डॉलर किंवा थोड्या अधिकाला विकी. व्यापारी अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या गिऱ्हाइकाकडून वीस डॉलरपर्यंत घेई.

हे आकडे आम्ही वहीत लिहून ठेवले आहेत. सव्वा, तीन, वीस. कामगाराच्या पदरी तासाला साधारण 30 सेंट पडत, आणि खेळातील इतर खेळाडू शिव्या देत त्या याच माणसाला. खोलीचा मालक किंवा परदेशातला व्यापारी खेळात दिसतच नव्हता, मग त्याला शिवी देणार कोण? मँचेस्टर विद्यापीठाच्या रिचर्ड हीक्स यांनी 2008 मध्ये अंदाज केला की जगात असे सुमारे चार लाख कामगार असावेत आणि त्यांची मासिक कमाई सरासरी 145 डॉलर असावी. चीन सरकारने 2009 मध्ये अशा चलनाने खरा माल घेण्यास मनाई केली. तरीही 2011 मध्ये जिक्सीच्या श्रमछावणीतून सुटलेल्या एका कैद्याने ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितले की दिवसभर खाणीत राबविल्यावर रात्री कैद्यांना नाणी काढायला बसवीत, आणि ठरलेला कोटा भरला नाही तर मारहाण होई.

दुसरे उदाहरण व्हेनेझुएलाचे. तेथे 2018 या एका वर्षात, त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्याच आकड्यानुसार, भाववाढ शेकडा एक लाख तीस हजारांवर गेली. सरकारला चलनावरील पाच शून्ये पुसावी लागली. तेव्हा तेथील कित्येक तरुण ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये हिरवे ड्रॅगन मारून त्यांची कातडी व हाडे विकीत आणि आलेली नाणी डॉलरच्या हिशेबाने खपवीत. देशाच्या नोटेपेक्षा खेळातले सोने अधिक भरवशाचे ठरावे, याहून त्या नोटेची दुर्दशा ती काय सांगावी! पण हे ड्रॅगन राहतात खेळातील अशा भागात जेथे एक खेळाडू दुसऱ्याला मारू शकतो. 2017 च्या सुमारास काही खेळाडू तेथे स्पॅनिश बोलणारा दिसला की त्याला ठार करू लागले, आणि ती कशी करावी याच्या सूचनाही एकमेकांना देऊ लागले. तिकडे एखाद्या घरच्या रात्रीच्या जेवणाची बेगमी त्या मरणात जात असे. शिकार करणाऱ्यांचा राग खरा होता, हे आम्ही नाकारीत नाही; त्यांच्या कातड्याचा भाव पडलाच होता. परंतु संप फोडायला आणलेल्या बदली कामगाराला मारून गिरणीमालक नमल्याचे आम्ही कधी पाहिले नाही.

मग कंपन्यांनी काय केले? जॅजेक्सने 2007 च्या डिसेंबरात जालीम उपाय केला. दोन खेळाडूंच्या देवघेवीत मोलाची फार तफावत असता कामा नये असे बंधन घातले, म्हणजे फुकट नाणी कोणाला देताच येईनात. कंपनीचे कारणही खोटे नव्हते. नाणी विकणारे चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर सभासदत्व घेत, आणि खरा कार्डवाला तक्रार करी तेव्हा भुर्दंड कंपनीवर येई. परंतु या बंधनाने भावाला भावाची मदत करणेही बंद झाले. खेळाडूंनी खेळातच जमून निदर्शने केली. अखेर 2011 च्या आरंभी, खेळाडूंचे मत घेऊन, बंधन उठविले. लगेच बॉटांची झुंबड उडाली, आणि त्याच ऑक्टोबरात कंपनीला एका फटक्यात सुमारे पंधरा लाख खाती बंद करावी लागली.

यानंतरचा उपाय आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. कंपन्या स्वतःच दुकान मांडून बसल्या. रूनस्केपमध्ये 2013 पासून आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये 2015 पासून पैसेवाला खेळाडू कंपनीकडून रोख पैशाने एक रोखा घेतो व तो खेळात दुसऱ्याला नाण्यांना विकतो. घेणाऱ्याला त्या रोख्यावर सभासदत्वाचे दिवस मिळतात. टाकीच्या हिशेबाने यात दोष नाही, कारण नवे नाणे पैदा होत नाही, आणि चोरटा दलाल काही अंशी तरी उठतो. पण हे दार एकाच बाजूला उघडते. खरा पैसा आत जातो, बाहेर येत नाही. राबणाऱ्याला आपल्या नाण्यांच्या बदली मिळते ते आणखी खेळण्याचे दिवस. आसामच्या चहामळ्यांत एके काळी मजुरांना मळ्याचेच धातूचे बिल्ले मजुरीदाखल देत, आणि ते बिल्ले मळ्याच्या हद्दीबाहेर चालत नसत. मजुरी चालू नाण्यात वा नोटेतच दिली पाहिजे हे आपल्याकडे 1936 च्या वेतन कायद्याने ठरविले, त्यामागे अशाच अनुभवांची शिदोरी होती. खेळाच्या कंपन्या म्हणतील की आमच्याकडे कोणी नोकर नाही, सारे हौशी आहेत. ते खरेही आहे. म्हणूनच चोरटा बाजार अजून पुरता मेलेला नाही. ज्याला घरी पीठ न्यायचे आहे त्याला रोखा घेऊन काय करायचे?

मोरी रुंद करण्याचा उपाय मात्र आम्हाला पटतो. ओल्ड स्कूल रूनस्केपच्या मध्यवर्ती बाजारात 2021 च्या डिसेंबरात विक्रीवर शेकडा एक कर बसविला, आणि त्या उत्पन्नातील काही भागाने कंपनी बाजारातील वस्तू विकत घेऊन नष्ट करू लागली. नाणीही आटतात, फाजील मालही आटतो, आणि कोणाचे खाते हिसकावून घ्यावे लागत नाही. आमच्या अर्थमंत्र्यांनी हा प्रयोग एकदा पाहावा, असे आम्ही गमतीने म्हणत असतो.

आमच्या चाळीतल्या मुलाचे काय झाले, हे विचारले जाईल म्हणून सांगतो. त्याने ज्या अटींवर बोट दाबून संमती दिली होती त्यांत नाणी कंपनीच्या मालकीची असल्याचे लिहिलेले निघाले. अटी आम्ही दोघांनी मिळून प्रथमच वाचल्या. नाणी परत मिळणार नाहीत हे त्याला स्पष्ट सांगितले, आणि त्याच्यासारख्यांच्या रात्रभर खणण्याने दुसऱ्या कोणा नवख्या पोराच्या खनिजाचा भाव पडत होता, हेही सांगितले. ते त्याला फारसे आवडले नाही. दलाल मात्र आपल्याच शहरातला निघाला. त्याच्याकडे आमचे दोन कार्यकर्ते जाऊन बसले. राहिलेले पैसे त्याने दोन हप्त्यांत दिले. कंपनीला आम्ही पत्र लिहिले आहे. खाते बंद करण्यापूर्वी नोटीस द्यावी, कारण सांगावे, आणि माणसाने वाचलेली दाद असावी, अशा तीन मागण्या त्यात आहेत. पत्राची पोच आली आहे. ती यंत्राने पाठविलेली आहे.