शर्यतीच्या मार्गावरील जुनी व नवी स्पोर्ट्स मोटार : ‘पोर्शे ९११’च्या आधारे तौलनिक विचार

जुनी स्पोर्ट्स मोटार चांगली की नवी, हा प्रश्न निघाला म्हणजे त्याचा निकाल बहुधा घड्याळावर सोपविला जातो. ठराविक मार्गाची एक फेरी जी गाडी कमी वेळात पुरी करील ती श्रेष्ठ, असा हा सरळ हिशेब आहे. व्यावसायिक शर्यतीपुरता तो पुरेसाही आहे. परंतु शर्यतीच्या मार्गावर गाडी चालविणाऱ्यांत मोठा वर्ग हौशी चालकांचा असतो. अनेक देशांत असे मार्ग नेमलेल्या दिवशी शुल्क घेऊन सर्वसामान्यांना खुले केले जातात. तेथे पारितोषिक नसते, क्रमांक नसतो. चालक येतो तो आपले कौशल्य वाढविण्यासाठी व गाडीच्या मर्यादेची ओळख करून घेण्यासाठी, आणि संध्याकाळी बहुधा त्याच गाडीतून तो घरी जातो. अशा माणसाच्या दृष्टीने ‘चांगली गाडी’ म्हणजे काय, हे घड्याळ सांगू शकत नाही. त्यासाठी टायर व रस्ता यांमधील संबंधाचा विचार करावा लागतो.

तुलनेसाठी ‘पोर्शे ९११’ ही जर्मन गाडी सोयीची आहे. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम दाखविण्यात आली आणि तेव्हापासून तिची मूळ मांडणी बदललेली नाही. सहा सिलिंडरांचे, समोरासमोर आडवे निजविलेले एंजिन मागील आसाच्याही मागे बसविलेले असते. दोन भिन्न जातींच्या गाड्यांची तुलना करताना मांडणीतील फरक व काळातील फरक यांची जी सरमिसळ होते, ती येथे बरीचशी टळते. प्रस्तुत विवेचनात १९७३ ची ‘कारेरा आर. एस. २·७’ व २०२१ ची ‘जी. टी. ३’ ही दोन प्रारूपे मुख्यतः घेतली आहेत. दोन्ही रस्त्यावर चालविण्याजोग्या, परंतु शर्यतीकडे दृष्टी ठेवून घडविलेल्या आहेत.

पहिलीची शक्ती २१० अश्वशक्ती असून तिच्या हलक्या आवृत्तीचे वजन सुमारे ९६० किलोग्रॅम होते. दुसरीची शक्ती ५१० अश्वशक्ती आणि स्वयंचलित गिअरपेटीसह वजन सुमारे १४३५ किलोग्रॅम आहे. म्हणजे दर टन वजनामागे पहिलीत सुमारे २१९ व दुसरीत सुमारे ३५५ अश्वशक्ती मिळते. वजन जवळजवळ दीडपट झाले, तरी शक्ती त्याहून पुष्कळ वेगाने वाढली.

ह्या आकड्यांवरून नव्या गाडीचे सारे यश एंजिनाचे आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो अपुरा आहे. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या उत्तर वळशावर, म्हणजे १९२७ साली खुल्या झालेल्या सुमारे २०·८ किलोमीटर लांबीच्या डोंगराळ मार्गावर, ‘जी. टी. ३’ मालिकेतील पहिल्या गाडीने १९९९ साली सुमारे ७ मिनिटे ५६ सेकंदांत फेरी पुरी केली होती. वेळ मोजण्याच्या त्याच, किंचित आखूड अंतरावर २०२१ च्या गाडीला सुमारे ६ मिनिटे ५५ सेकंद लागले. बावीस वर्षांत तब्बल एक मिनिट वाचले. ह्या काळात शक्ती ३६० वरून ५१० वर गेली हे खरे; परंतु दुसऱ्या वेळी गाडीला जे टायर होते ते पहिल्या वेळी अस्तित्वातच नव्हते. शर्यतीसाठीच्या टायरांच्या अगदी जवळ जाणारा तो ऐच्छिक प्रकार होता. वळणांनी भरलेल्या मार्गावर टायरांतील हा फरक किती निर्णायक ठरतो, हे साध्या गणिताने दाखविता येते.

वळणावर गाडीला वर्तुळात ठेवणारे केंद्रगामी बल टायर व रस्ता यांच्या घर्षणातूनच मिळते. सपाट मार्गावर आणि हवेचा दाब क्षणभर बाजूस ठेवला असता, वळणावरील कमाल वेग घर्षणगुणांक, गुरुत्वत्वरण व वळणाची त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. या सूत्रात एंजिनाला स्थान नाही. उदाहरणादाखल त्रिज्या १०० मीटर घेतली आणि जुन्या टायरांसाठी घर्षणगुणांक ०·९ व नव्यांसाठी १·३ धरला, तर कमाल वेग अनुक्रमे ताशी सुमारे १०७ व १२९ किलोमीटर येतो. वळणातून ताशी २२ किलोमीटर अधिक वेगाने बाहेर पडणारी गाडी पुढील सरळ भागावरही तो लाभ घेऊन जाते. ‘जी. टी. ३’च्या बाबतीत मागील मोठा पंख व तळाचा आकार यांमुळे वेग वाढेल तसा हवेचा दाब गाडीला रस्त्यावर दाबून धरतो व ही मर्यादा आणखी वर जाते. १९७३ च्या गाडीला मागे बदकाच्या शेपटीसारखा जो उंचवटा दिला होता, त्याचा उद्देश मात्र अधिक नम्र होता : भरधाव वेगात गाडीचा मागील भाग हवेने उचलला जाई, ती उचल कमी करावयाची.

येथवर सर्व काही नव्या गाडीच्या बाजूचे आहे. आता त्याच उदाहरणातील गतिज ऊर्जेचा हिशेब करावा. चालकाचे वजन न धरता जुन्या गाडीची ऊर्जा त्या वळणावर सुमारे ४२४ किलोज्यूल, तर नव्या गाडीची सुमारे ९१५ किलोज्यूल येते. म्हणजे चालकाकडून चूक घडून पकड सुटलीच, तर नवी गाडी मार्गाबाहेर जाताना दुपटीहून अधिक ऊर्जा बरोबर घेऊन जाते. मार्गाची कड, त्यापलीकडील गवताची पट्टी व लोखंडी कठडा यांमधील अंतर मात्र पूर्वी होते तेवढेच राहते. न्युर्बुर्गरिंगवर हे अंतर अनेक ठिकाणी अगदी थोडे आहे. १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडा याला तेथे भीषण अपघात झाला आणि त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत त्या उत्तर वळशावर पुन्हा झाली नाही. हौशी चालकांना मात्र तो मार्ग आजही खुला असतो.

मर्यादा किती उंच आहे याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे : ती जवळ आली हे चालकाला कसे कळते? चाक ज्या दिशेने रोखलेले असते ती दिशा व टायर प्रत्यक्ष ज्या दिशेने जातो ती दिशा यांमध्ये वळणावर एक लहानसा कोन पडतो. तो वाढला की पकडही वाढते, परंतु एका शिखरापर्यंतच; त्यापुढे ती घटू लागते. उंच व लवचीक कडांच्या जुन्या टायरांत हे शिखर मोठ्या कोनावर येते आणि त्याचा माथा पसरट असतो. गाडी घसरू लागण्यापूर्वी बराच वेळ ती तशी सूचना देत असते. स्टिअरिंग हलके होते, टायर कुरकुरतात. बुटक्या व ताठ कडांच्या रुंद टायरांत शिखर लहान कोनावर येते व त्यापलीकडील उतार तीव्र असतो. सूचना मिळते, पण थोडा वेळ. आणि ती मिळते तेव्हा वेग आधीच फार असतो. मुरब्बी चालकाला तेवढी पुरते. शिकाऊ चालकाचा हात मात्र तेवढ्यात हलत नाही.

९११च्या रचनेत यात आणखी एका गोष्टीची भर पडते. मागे जड एंजिन असल्याने, वळणाच्या मध्यावर घाबरून चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय एकदम काढला, तर भार पुढील चाकांवर जातो, मागील चाके हलकी होतात आणि गाडीचा मागील भाग बाहेर फेकला जातो. स्थलांतरित होणारा हा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या सम प्रमाणात व दोन आसांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. प्रारंभीच्या गाडीत हे अंतर २२११ मिलिमीटर होते. १९६९ च्या प्रारूपापासून ते २२६८ करण्यात आले, आणि आजच्या पिढीत ते २४५० च्या आसपास आहे. १९८९ च्या प्रारूपापासून ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी ए. बी. एस. यंत्रणा आली व पिळाच्या दांड्यांऐवजी वेटोळ्या स्प्रिंगा आल्या; १९९३ च्या पिढीत मागील आसाची रचना पालटली; त्यानंतर काही वर्षांनी घसरणारी गाडी निरनिराळ्या चाकांचे ब्रेक लावून सावरणारी विद्युत्-यंत्रणाही आली. मूळ दोष एकेका पायरीने असा झाकत आणला गेला. ‘झाकला’ हाच शब्द येथे योग्य होय. भार स्थलांतरित होण्याचा नियम काही रद्द झालेला नाही. जुन्या गाडीत तो चालकाला पहिल्याच दिवशी शिकावा लागे. नव्या गाडीत एखादा चालक तो न शिकताच वर्षानुवर्षे वेगाने फिरू शकतो.

ब्रेकांचा विचार महाराष्ट्रातील वाचकाला परका नाही. बोरघाट उतरताना ब्रेकवर सतत पाय न ठेवता गाडी खालच्या गिअरमध्ये का उतरवावी, हे प्रत्येक ट्रकचालक जाणतो. शर्यतीच्या मार्गावर हीच उष्णता काही मिनिटांत निर्माण होते. ताशी २०० किलोमीटर वेगातून थांबताना ९६० किलोग्रॅमची गाडी सुमारे १·४८ मेगाज्यूल, तर १४३५ किलोग्रॅमची २·२१ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकांत ओतते. नव्या गाडीचे ब्रेक प्रचंड मोठे असल्याने ती हे सहज पचविते. परंतु टायर, ब्रेकची पॅडे व तबकड्या यांची झीज वजनाबरोबर वाढते आणि तो खर्च मालकाला टळत नाही. जुन्या गाडीत धोका निराळा असतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. प्रचलित ‘डॉट ४’ तेलाचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा मुरल्यावर १५५ पर्यंत घसरू शकतो. तेलात वाफ झाली की पायाखालचे पेडल निर्जीव होते. अनेकांचा जुन्या गाडीविषयीचा राग वस्तुतः जुन्या तेलाविषयीचा असतो.

यावर तोडगा म्हणून जुन्या गाडीला नवे चिकट टायर बसविण्याची टूम पुष्कळ ठिकाणी दिसते. ती वरवर शहाणपणाची वाटते, पण गाडी हे एकमेकांशी जुळविलेल्या भागांचे तंत्र आहे. टायर अधिक पकड देऊ लागले की वळणावरील त्वरण वाढते, गाडी अधिक कलते, चाकांच्या बेअरिंगांवर व जोडण्यांवर कल्पनेपलीकडचा ताण येतो. आणि साध्या एंजिनांत तळपात्रातील तेल एका बाजूस सरकून पंपाचे तोंड उघडे पडते. तेलाविना बेअरिंग जळावयास काही क्षण पुरतात. जुन्या ९११ मध्ये तेल स्वतंत्र टाकीत ठेवण्याची सोय मुळातच होती. मौजेची गोष्ट अशी की, १९९७ साली पाण्याने थंड होणारे एंजिन आले तेव्हा साध्या ९११ मधून ही वेगळी टाकी काढून टाकण्यात आली, आणि ‘जी. टी. ३’साठी मात्र शर्यतीच्या परंपरेतील जुन्या धाटणीचे एंजिन टाकीसह राखावे लागले. ‘नवे’ म्हणजे ‘मार्गाला अधिक योग्य’ हे समीकरण एकाच कारखान्यात खोटे ठरले.

मात्र जुन्या गाडीचा कैवार घेताना एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. ती चांगले शिकविते, पण चुकीची शिक्षा सौम्य करीत नाही. धडकेच्या वेळी चुरगळून ऊर्जा शोषून घेणारा सांगाडा, हवेच्या उशा, मान व डोके सांभाळणाऱ्या बैठका हे सारे १९७३ च्या गाडीत एक तर नाही, किंवा प्राथमिक स्वरूपात आहे. कमी ऊर्जेने झालेला अपघातही तीत प्राणघातक ठरू शकतो. शिवाय ‘२·७’च्या अवघ्या १५८० गाड्या निघाल्या, त्यांतील एकेक आज इतकी मोलाची झाली आहे की, तिला मर्यादेपर्यंत नेण्यास मालकच धजत नाही, आणि जी गाडी मर्यादेपर्यंत नेता येत नाही तिचा शिक्षक म्हणून उपयोग संपलाच. उलट नव्या गाडीची मर्यादा इतकी उंच आहे की, सामान्य चालक तिच्याजवळ पोहोचतच नाही. पोहोचलाच तर एकदाच.

तेव्हा हौशी चालकाने निवड करावयाची ती वर्षावरून नव्हे, तर वजन व टायर यांवरून, असे म्हणावे लागते. जपानची ‘माझ्दा एम. एक्स. ५’ हे याचे बोलके उदाहरण आहे. १९८९ ची पहिली पिढी व २०१५ ची चौथी पिढी या दोहोंचे वजन सुमारे हजार किलोग्रॅमच्या आसपासच राहिले. दोन्हींचे टायर अरुंद आहेत व शक्ती बेताची आहे. नवीमध्ये हवेच्या उशा, ए. बी. एस. व गाडी सावरणारी यंत्रणा आहे. ही शेवटची यंत्रणा एका बटणाने बंदही करता येते. पहिल्या काही फेऱ्या ती चालू ठेवून आणि नंतर, रुंद व मोकळ्या कडेच्या वळणावर, ती बंद करून चालक टायरांचे बोलणे ऐकू शकतो. तेवढ्या वेगात ते ऐकण्यास त्याला सवडही मिळते.