दख्खनी मेंढीचं दप्तर

विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनमधल्या सस्तन प्राण्यांची केलेली यादी 1831 साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने छापली. तीत इथल्या मेंढीचं वर्णन येतं: आखूड पाय, जाडसर अंग, बाकदार नाक आणि आखूड, कुरळी, जवळजवळ सर्वत्र काळीच लोकर. आज लोणंद, संगमनेर किंवा सांगोल्याच्या बाजूला कळप पाहिला तर काळ्या मेंढ्यांच्या जोडीला पांढऱ्या, करड्या आणि मिश्र रंगाच्या मेंढ्या भरपूर दिसतात. मग दोनशे वर्षांत जातीचा रंग पालटला, की साइक्सने ठरावीक भागातलेच कळप पाहिले होते, की काळ्या आणि गडद तपकिरी रंगांत त्याने फरक केला नव्हता? त्याच्या शब्दांवरून याचा निकाल लागत नाही. त्या काळच्या मेंढीच्या लोकरीचे चार झुबके, गाव आणि साल लिहून, कुठल्या कपाटात राहिले असते तर लागला असता. महाराष्ट्र कागदपत्रं जपणारा प्रांत आहे, पेशवे दप्तराचे रुमाल आपण जिवापाड सांभाळले. पण ज्या जनावरावर धनगरांच्या पिढ्या जगल्या, त्याच्या पैदाशीचा इतिहास ज्यात उतरला आहे ती लोकर आपण पुरावा म्हणून कधी ठेवलीच नाही.

लोकरीच्या एका बटेत किती माहिती असते, याची कल्पना सहसा नसते. तंतूची जाडी, लांबी आणि कुरळेपणा मोजता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूच्या गाभ्यातली पोकळी दिसते. ही पोकळी जितकी जास्त, तितकी लोकर केसाकडे झुकलेली. दुष्काळात मेंढीची आबाळ झाली असेल तर वाढीच्या त्या टप्प्यात तंतू बारीक होतो. तंतूतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून जनावराने काय खाल्लं याचा अंदाज बांधता येतो, आणि मुळासकट उपटलेल्या तंतूंतून डीएनए चांगला मिळतो. नुसत्या केसाच्या दांड्यातूनही तो मिळतो. मॅमथच्या केसांवर 2007 साली हे सिद्ध झालं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या सॅलिश लोकांनी घोंगड्यांसाठी पाळलेली लोकरी कुत्र्यांची जात कधीच नामशेष झाली. मात्र 1859 साली मेलेल्या ‘मटन’ नावाच्या एका कुत्र्याचं कातडं स्मिथसोनियन संग्रहालयात राहिलं होतं. 2023 साली त्यावरून संशोधकांनी दाखवलं की ही जात हजारो वर्षं वेगळी राखलेली होती. ज्याने ते कातडं ठेवलं त्याला डीएनए हा शब्दही माहीत असणं शक्य नव्हतं.

आनुवंशिकतेच्या विज्ञानाचं एक मूळही लोकरीच्या व्यापारातच आहे. मोराव्हियातल्या ब्रनो शहरात 1814 साली मेंढीपैदासकारांची संस्था निघाली. मेरिनोची मऊ लोकर पुढच्या पिढीत टिकवायची कशी, हा तिथला रोकडा प्रश्न होता. 1837 साली त्याच शहरातल्या मठाचे प्रमुख नाप यांनी चर्चेचा रोखच बदलला: वारशाने नेमकं काय जातं आणि कसं जातं, हे आधी शोधा. सहा वर्षांनी याच मठात ग्रेगोर मेंडेल दाखल झाला. आपल्याकडचं उदाहरण फलटणचं. निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातली छोटी गरोळ मेंढी आणून तिचा जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत उतरवला. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनोत आढळणारा जनुकही हाच. 1790च्या दशकात बंगालहून तिकडे गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो पोचला, हे जहाजांच्या जुन्या नोंदी आणि आजच्या जनावरांचे जनुक जुळवून मांडलं गेलं. बंगालची ती मेंढी आज जिवंत आहे म्हणून हा धागा जुळला. जात संपली असती तर?

दख्खनीच्या बाबतीत हा प्रश्न तातडीचा आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारी क्षेत्रांवर मेरिनो आणि रॅम्बुले मेंढ्यांशी संकर करून मऊ लोकर मिळवण्याचे प्रयत्न झाले, पण तो संकर भटक्या कळपांत रुजला नाही. आता उलटा प्रवाह आहे. जाड लोकरीला भाव नाही, मटणाला आहे. म्हणून पैदाशीचा नर निवडताना उंची आणि वजन पाहिलं जातं. जत भागातली माडग्याळ किंवा केसाळ अंगाची नेल्लोर यांचं रक्त कळपात येतं. धनगरांचा यात काहीच दोष नाही, वर्षातून दोनदा कातरणीला येणारा खर्चही लोकरीतून निघत नसेल तर त्यांनी दुसरं काय करावं? पण लोकर आपल्या डोळ्यांदेखत बदलते आहे आणि तिची नोंद कुणी ठेवत नाही. जुनी घोंगडी आहेत ना, असं कुणी म्हणेल. ती जरूर जपावीत. जावळाच्या लोकरीचं जुनं घोंगडं हा मोठा ठेवा आहे. मात्र सणगराच्या मागावर येईपर्यंत अनेक मेंढ्यांची लोकर पिंजून एक झालेली असते, वर चिंचोक्याची खळ चढते. त्या घोंगड्यावरून विणकराचं कसब कळतं, एकेका मेंढीचा वंश कळत नाही.

लोकरीचे नमुने जपण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोसारख्या संस्था वीर्य आणि डीएनए गोठवून ठेवत असताना लोकरीचे पुंजके कशाला? गोठवलेलं वीर्य अमोलच आहे, त्यातून जात पुन्हा उभी करता येते. पण ती जात माणच्या माळावर, चारा-पाण्याच्या ओढाताणीत, प्रत्यक्षात कशी लोकर देत होती हे वीर्याच्या नळीत नसतं. शिवाय द्रव नायट्रोजनचा पुरवठा थांबला की तो साठा गेला. लोकर कोरड्या खोलीत, कागदी पाकिटात शंभर वर्षं राहते. दुसरा आक्षेप मला अंशतः मान्य आहे: एका बटेवरून मेंढी ओळखता येत नाही. खांद्याची लोकर बारीक, मांडीची जाड. पावसाळ्याआधीची वेगळी, नंतरची वेगळी. म्हणूनच खांदा, कूस आणि मांडी अशा तीन ठिकाणचा नमुना, कातरणीचा महिना, मेंढीचं वय आणि एक छायाचित्र एवढं तरी हवं. अर्धवट नोंदींचा ढीग काही उपयोगाचा नाही, हे आक्षेपकांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

असे नमुने ठेवण्याचं काम खर्चाचं नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर वर्षानुवर्षं संशोधन चाललं आहे, लोकरीच्या मोजमापाची तयारी राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत आहे. खरा शत्रू कसर. तिच्यासाठी नमुना आधी काही दिवस खोल गोठवून मग हवाबंद पेटीत ठेवायचा, म्हणजे अंडी-अळ्या मरतात. नुसत्या डांबरगोळ्यांवर विसंबणं नको. आणि मेंढपाळाने तो नर का ठेवला, हे त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर लिहिलं पाहिजे, कारण निवड प्रयोगशाळेने केलेली नाही, त्याने केली आहे. नमुन्यावर नाव त्याचं असावं, मोजमापाचा कागद त्याच्या वाड्यावर पोचावा. पुढे त्या नमुन्यातून एखादा उपयुक्त जनुक निघाला तर त्यात त्याचा हक्क काय, हे पहिली बट कापण्याआधीच लेखी ठरलं पाहिजे.