अंड्याचा पांढरा बलक कोणाच्या आज्ञेने?

भालकी-औरादकडील अंगणात वावरणाऱ्या कोंबडीच्या अंडनलिकेतून पिवळा बलक जात असता सुमारे तीन तासांत त्यावर पांढरा बलक चढतो. ही आज्ञा स्त्रीसंप्रेरकांची. ती रक्तावाटे साऱ्या शरीरात फिरतात. मग डोळ्यात वा पंखात बलक का होत नाही? कारण अंडनलिकेच्या पेशींत त्यांना धरून ठेवणारी ग्राही प्रथिने विपुल असतात. ही जोडी पेशीकेंद्रकातील ठरावीक जनुकांवर बसली, की बलकाची प्रथिने घडू लागतात. अमेरिकेत बर्ट ओमॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करून या क्रियेचा उलगडा केला. स्तनाच्या काही कर्करोगांत टॅमॉक्सिफेन हे औषध अशाच एका ग्राहीची जागा अडवून रोगाची वाढ रोखते.